नेटवर्क सेवेची मॉड्यूल कशी पाडायची: कांदाभावाच्या उदाहरणासह, नवशिक्यांसाठी

नाशिकमध्येच काम धरलेल्या आणि पहिल्यांदा एखादी नेटवर्क सेवा मुळापासून बांधायला घेतलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. प्रोग्राम लिहिता येतो, डेटाबेस ओळखीचा आहे, पण सीनियरने ‘जरा मॉड्यूलर कर’ म्हटलं की नेमकं काय करायचं ते कळत नाही, अशी तुमची अवस्था असेल तर पुढे वाचा. बहुतेक जण अशा वेळी फोल्डर पाडतात: कंट्रोलर, सर्व्हिस, मॉडेल, युटिल्स. त्याने फाइली नीट लागतात, एवढंच. एका फोल्डरमधली ओळ बदलली की बाकीचे तीन फोल्डर उघडावे लागत असतील, तर मॉड्यूल पडलेलीच नाहीत.

लेखभर एकच उदाहरण धरू. समजा, जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव रोज गोळा करायचे, साठवायचे, मोबाइल ॲपला द्यायचे आणि नाव नोंदवलेल्या शेतकऱ्यांना एसएमएस पाठवायचा. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड, कळवण, सटाणा. उदाहरण मुद्दाम घरचं घेतलं आहे. ऑनलाइन दुकानाच्या कार्टचं उदाहरण सगळीकडे असतं, पण त्यात खऱ्या अडचणी फारशा दिसत नाहीत. कांद्यात त्या पहिल्याच दिवशी समोर येतात.

हाताशी काय हवं

- तुम्हाला येणारी कोणतीही एक भाषा. पायथन, गो, जावा, नोड, काहीही चालेल. भाषेवरून वाद घालत बसू नका.
- गिट, आणि प्रत्येक बदल लहान ठेवायची सवय.
- कर्ल आणि नेटकॅट. पहिलं एचटीटीपी विनंती हाताने पाठवायला, दुसरं नुसतं टीसीपी कनेक्शन उघडून काय येतं-जातं ते पाहायला.
- वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे बाइट दाखवणारं साधन. रोज लागत नाही, पण लागतं तेव्हा त्याला पर्याय नसतो.
- तीन कागद: बदलणाऱ्या गोष्टींची यादी, मॉड्यूलांमधले करार, आणि बिघाडांचा तक्ता (काय बंद पडलं तर काय व्हावं). संगणकावर लिहिले तरी हरकत नाही, पण कोडच्या आधी लिहा.
- एसएमएस पाठवणार असाल तर डीएलटी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी टेलिकॉम व्यवस्था) नोंदणीची कागदपत्रं. याबद्दल सहाव्या पायरीत सांगतो, पण अर्ज आजच करा, कारण त्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ काम अडून राहतं.

१. काय बदलणार आहे, ते आधी लिहा

पहिला मोह असतो कामाच्या क्रमाने तुकडे पाडायचा. भाव आणा, वाचा, साठवा, पाठवा: चार पायऱ्या, चार मॉड्यूल. फळ्यावर हे फार छान दिसतं. पण या चारही मॉड्यूलांना एका ओळीत कोणता रकाना कुठे आहे हे माहीत असावं लागतं. उद्या स्रोताने रकान्यांचा क्रम बदलला की चारही उघडा.

डेव्हिड पार्नास यांनी डिसेंबर १९७२ मध्ये छापलेल्या निबंधात नेमकं हेच दाखवलं होतं. शब्दसूची बनवणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी दोन पद्धतींनी तोडला: एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, आणि एकदा ‘पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये झाकायचा’ या पद्धतीने. दोन्ही चालले. फरक पडला तो बदल करायची वेळ आल्यावर. पन्नास वर्षं उलटून गेली तरी याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

तर आपल्या सेवेत काय बदलू शकतं?

- भाव कुठून येतात. आज राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून घ्याल, उद्या केंद्राच्या ॲगमार्कनेटवरून, परवा एखाद्या समितीतला माणूस थेट आकडे भरेल.
- कशात साठवतो.
- ॲपशी कोणत्या रूपात बोलतो.
- एसएमएस कोणत्या कंपनीमार्फत जातो.
- कोणाला, कधी, कशावरून कळवायचं याचे नियम.

पाच निर्णय, म्हणून पाच मॉड्यूल. प्रत्येकाला एका वाक्यात ‘हे मॉड्यूल काय लपवतं’ ते लिहा. वाक्यात ‘आणि’ आला तर मॉड्यूल तोडायचं आहे का, याचा विचार करा. वाक्यच लिहिता आलं नाही तर ते मॉड्यूल नको.

सापळा: ‘कॉमन’ नावाचं मॉड्यूल. त्यात आधी तारखेचं एक फंक्शन जातं, मग फोन नंबर तपासणारं, मग एसएमएसचा मजकूर, आणि सहा महिन्यांत सगळी मॉड्यूल त्याला लटकलेली असतात. तारखेचं फंक्शन दोन ठिकाणी दोनदा लिहिलेलं परवडतं.

२. करार लिहा, आणि रकान्यांवर भांडा

बाजार समितीच्या आवारात गेला असाल तर हे ओळखीचं वाटेल. लिलावात सौदापट्टी होते, भुईकाट्यावर काटापट्टी मिळते, त्या दोन्हींवरून हिशेबपट्टी बनते. हिशेब करणाऱ्याला काटा कोणत्या कंपनीचा, वजन करायला किती वेळ लागला, हे विचारावं लागत नाही. पट्टीवर वजन आहे, गाडीचा नंबर आहे, तेवढ्यावर त्याचं काम होतं. दोन मॉड्यूलांमध्ये जे जातं ते असंच पट्टीसारखं असावं: थोडकं, पूर्ण, आणि मागे जाऊन विचारायची गरज न ठेवणारं.

आपली मुख्य पट्टी म्हणजे ‘भावनोंद’. तिच्यात काय असावं? बाजार, वाण, तारीख, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. सोपं वाटतं ना? एकेक रकाना घेऊ.

*बाजार.* लासलगाव समितीचे विंचूर आणि निफाड असे उपबाजार आहेत, पिंपळगावचा सायखेडा आहे. त्यांचे भाव वेगळे नोंदले जातात. मग विंचूर हा वेगळा बाजार धरायचा की लासलगावचा भाग? दोन्ही उत्तरं चालतात, पण ठरलं पाहिजे आणि करारात लिहिलं पाहिजे. शिवाय बाजाराचं नाव ही ओळख म्हणून वापरू नका, स्वतःचा संकेतांक द्या. कुठे ‘पिंपळगाव बसवंत’ असतं, कुठे ‘पिंपळगाव(ब)’. त्यात देवनागरीची आणखी एक गंमत: ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतं, तसंच ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. त्यात मधेच न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत घुसला असेल तर तुलना फसते आणि अर्धा दिवस जातो. बाहेरून आलेला मजकूर आत घेतानाच युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकच अक्षर नेहमी एकाच पद्धतीने लिहिण्याच्या ठरलेल्या रूपात) आणा, न दिसणारे संकेत काढा, आणि मग संकेतांकाशी जुळवा. हे काम स्रोताच्या मॉड्यूलचं. पुढच्या कोणालाही त्याची खबर नको.

*भाव.* रुपये प्रति क्विंटल. किलोचा भाव हवा असेल तर तो दाखवणाऱ्याने शंभराने भागावं. रक्कम पूर्णांकात ठेवा, गरज पडली तर पैशांत. दशांशाच्या तरंगत्या संख्यांमध्ये पैसे ठेवू नका.

*तारीख.* वेळ साठवताना यूटीसी वापरा हा सल्ला तुम्ही ऐकला असेल, आणि तो बरोबर आहे. पण लिलावाचा ‘दिवस’ ही वेळ नव्हे, ती पंचांगातली तारीख आहे. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. लिलावाची तारीख यूटीसी वेळेवरून काढाल तर रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात केलेली नोंद आदल्या दिवशी जाऊन बसेल. म्हणून दोन वेगळे रकाने: लिलावाची तारीख, आणि नोंद आपल्याकडे कधी आली ती वेळ.

*लिलाव बंद असेल तेव्हा.* हा रकाना सगळे विसरतात. सुट्टी असते, कधी व्यापारी लिलावात उतरत नाहीत, कधी आवकच नसते. त्या दिवशी भाव शून्य नसतो, भाव नसतोच. शून्य साठवलंत तर एखाद्या शेतकऱ्याला ‘आज कांदा ० रुपये’ असा एसएमएस जाईल आणि सरासरीचा आलेख जमिनीला टेकेल. नोंदीची स्थिती वेगळी ठेवा: ‘लिलाव झाला’, ‘लिलाव बंद’, ‘माहिती अजून आलेली नाही’. शेवटच्या दोन्हींत फरक आहे, आणि तो ॲपपर्यंत पोचला पाहिजे.

*वाण.* लाल आणि उन्हाळ. एवढ्यावर थांबायचं नाही. स्रोताकडून तिसरंच नाव आलं तर काय, हे लिहा. माझं मत: नोंद टाकून देऊ नका, ‘अनोळखी’ म्हणून ठेवा आणि लॉगमध्ये ओरडा.

करारात रकान्यांबरोबर चुकांची नावंही हवीत. ‘स्रोत मिळत नाही’, ‘स्रोत मिळाला पण वाचता आला नाही’, ‘या तारखेची नोंद नाही’. पहिल्यात पुन्हा प्रयत्न करायला अर्थ आहे, दुसऱ्यात माणसाने बघायला हवं, तिसऱ्यात काहीच बिघडलेलं नाही. सगळ्याला नुसतं ‘एरर’ म्हटलंत तर वरच्या मॉड्यूलला निर्णय घेता येत नाही.

३. गाभ्याला नेटवर्क दिसू देऊ नका

नियमांचं मॉड्यूल हा सेवेचा गाभा. ‘उन्हाळ कांद्याचा सर्वसाधारण भाव कालच्यापेक्षा इतक्याने वाढला तर कळव’ हे तिथे राहतं. या कोडमध्ये एचटीटीपी, जेसन, डेटाबेस, एसएमएस यांतला एकही शब्द येता कामा नये. गाभा फक्त आपल्या गरजा जाहीर करतो: मला भाव देणारा कोणीतरी हवा, संदेश नेणारा कोणीतरी हवा, आणि वेळ सांगणारा कोणीतरी हवा.

वेळ सांगणारासुद्धा? हो. गाभ्यात थेट सिस्टिमचं घड्याळ वाचलंत तर ‘मध्यरात्रीच्या पाच मिनिटं आधी आलेली नोंद’ तपासायला तुम्हाला रात्री जागावं लागेल. घड्याळ बाहेरून द्या, टेस्टमध्ये हवं तिथे काटे फिरवा.

खरी मॉड्यूल या गरजा पुरवतात, आणि सगळ्यांची जोडणी प्रोग्राम सुरू होतो त्या एकाच ठिकाणी होते. बाण कुठून कुठे जातात ते कागदावर काढा. सगळे बाण गाभ्याकडे आले पाहिजेत. गाभ्यातून एखादा बाण बाहेर गेला किंवा दोन मॉड्यूल एकमेकांना आयात करत असतील, तर तिथे सीमा चुकली आहे.

४. तारेवर बाइट जातात, अक्षरं नाही

इथे जरा रेंगाळतो, कारण मराठी मजकूर पाठवणाऱ्यांना हे जास्त भोवतं.

‘कांदा’ या शब्दात अक्षरं किती? बोलताना दोन: कां, दा. युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हं: क, काना, अनुस्वार, द, काना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एकूण पंधरा बाइट. एचटीटीपीच्या कंटेंट-लेंग्थमध्ये बाइट लिहायचे असतात. तिथे पायथन, जावा किंवा नोडमधल्या स्ट्रिंगची लांबी टाकलीत तर पाच जाईल, आणि पलीकडचा पाच बाइट वाचून थांबेल: एक ‘क’ आणि दुसऱ्या चिन्हाचे दोन तुकडे. इंग्रजी मजकुरात अक्षर आणि बाइट सारखेच पडतात, म्हणून इंग्रजीत टेस्ट केलेला कोड हा बग दाखवतच नाही. टेस्टमध्ये मराठी नावं घाला.

दुसरी गोष्ट. टीसीपी हा बाइटांचा सलग प्रवाह आहे. १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणारे दस्तऐवज) तो तसाच होता, २०२२ साली त्याची जागा घेणाऱ्या आरएफसी ९२९३ मध्येही तसाच आहे. एकदा पाठवलं म्हणजे पलीकडे एकदाच, तेवढंच येईल, असं कुठेही वचन नाही. दोन संदेश चिकटून येतील, एक संदेश तीन तुकड्यांत येईल, आणि तुकडा एखाद्या अक्षराच्या मधूनही पडेल. तुमच्या लॅपटॉपवर, एकाच मशीनवरच्या एका प्रोग्राममधून दुसऱ्यात, हे क्वचितच दिसतं. खऱ्या नेटवर्कवर दिसतं.

म्हणून तारेवरचं रूप सांभाळणारा थर वेगळा ठेवा. त्याची दोनच कामं: संदेश कुठे संपतो ते ओळखणं (आधी लांबी पाठवा किंवा शेवटी ठरलेली खूण ठेवा), आणि बाइटांचं अक्षरांत रूपांतर पूर्ण संदेश हाती आल्यावरच करणं. एचटीटीपीची तयार लायब्ररी वापरत असाल तर हे ती करते, आणि नवशिक्याने तीच वापरावी. स्वतःचा प्रोटोकॉल बनवायची हौस शनिवार-रविवारी भागवा.

तसंच येणाऱ्या संदेशाच्या आकाराला मर्यादा घाला. मर्यादा नसेल तर कोणीतरी लांबीच्या रकान्यात अवाढव्य आकडा टाकून तुमची मेमरी खाऊन टाकेल.

५. उत्तर आलंच नाही तर?

एकाच प्रोग्राममधलं फंक्शन दोनच गोष्टी करतं: उत्तर देतं किंवा चूक देतं. नेटवर्कपलीकडचं मॉड्यूल तिसरी गोष्ट करतं: गप्प बसतं. काम झालं आणि उत्तर वाटेत हरवलं, की काम झालंच नाही, हे तुम्हाला कळत नाही. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात रेंज गेलेल्या फोनवर तर हे रोजचंच.

टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची ती मर्यादा. प्रत्येक बाहेरच्या हाकेला हवा. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आणि गो भाषेतला आयता एचटीटीपी क्लायंट, दोन्ही तुम्ही सांगितलं नाहीत तर मर्यादा न घालता वाट पाहत राहतात. ही माहिती दस्तऐवजात आहे, पण ती वाचायची वेळ बहुतेकांवर सर्व्हर अडकल्यावरच येते. आकडे ठरवताना आतून बाहेर या: डेटाबेसला एक सेकंद दिलात तर एपीआयला तीन, ॲपला पाच. उलटं झालं तर ॲप कंटाळून निघून जातं आणि सर्व्हर आत कोणासाठी तरी राबत राहतो.

पुन्हा प्रयत्न. एकाच थरात करा. तीन थर एकावर एक आहेत आणि प्रत्येक जण तीनदा प्रयत्न करतो असं धरा: सगळ्यात खालच्यावर एका विनंतीमागे सत्तावीस हाका पडतात. तो आधीच आजारी असतो. दोन प्रयत्नांमधली वेळ दर वेळी वाढवा आणि तिच्यात थोडा रँडम फरक मिसळा, नाहीतर शेकडो फोन एकाच क्षणी परत धडकतात. समोरचा ४२९ (फार विनंत्या आल्या) किंवा ५०३ (सेवा सध्या बंद) सांगून ‘इतक्या सेकंदांनी या’ म्हणत असेल तर त्याचं ऐका.

दुबार काम. आरएफसी ९११० प्रमाणे गेट, पुट आणि डिलीट या विनंत्या पुन्हा पाठवल्या तरी अंतिम परिणाम एकदाच पाठवल्यासारखा राहायला हवा. पोस्टला ही हमी नाही. म्हणून एसएमएस पाठवण्याच्या विनंतीला स्वतःची ओळख द्या: शेतकऱ्याचा क्रमांक, बाजार, वाण, लिलावाची तारीख मिळून एक किल्ली. डेटाबेसमध्ये ती किल्ली एकमेव असल्याचं बंधन घाला. दुसऱ्यांदा तीच आली तर ‘आधीच घेतली आहे’ असं शांतपणे सांगा. ‘आधी तपास, मग घाल’ असं कोडमध्ये करू नका. दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर दोघी तपासतात, दोघींना काही सापडत नाही, आणि दोघी घालतात. हे बंधन डेटाबेसनेच पाळायचं.

आता तिसरा कागद भरा. डावीकडे प्रत्येक मॉड्यूल, उजवीकडे ‘हे गप्प बसलं तर’. स्रोत गप्प: ॲपला कालचा भाव द्या, पण ‘कालचा’ असं स्पष्ट लिहून. एसएमएस कंपनी गप्प: संदेश रांगेत ठेवा, आणि तो किती तास जुना झाला की टाकून द्यायचा तेही ठरवा. सकाळचा भाव रात्री अकराला पोचून कोणाचं भलं होत नाही. डेटाबेस गप्प: सरळ ५०३ द्या, रिकामी यादी देऊ नका. रिकामी यादी म्हणजे ‘आज लिलाव नाहीत’ असं खोटं सांगणं.

६. एसएमएसचं मॉड्यूल: तांत्रिक कमी, कागदी जास्त

ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमावलीमुळे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याला डीएलटी प्लॅटफॉर्मवर तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात: स्वतःची संस्था, पाठवणाऱ्याचं लघुनाव म्हणजे हेडर, आणि संदेशाचा साचा. साच्यातल्या ठरलेल्या जागाच बदलता येतात. याचा डिझाइनवर थेट परिणाम होतो. गाभ्याने मजकूर बनवून एसएमएस मॉड्यूलला द्यायचा, ही कल्पना इथे मोडते. गाभा फक्त ‘भाववाढीची सूचना’ हा प्रकार आणि रकाने देतो. साचा कोणता, त्याचा क्रमांक कोणता, हे मॉड्यूलच्या आत राहतं.

आणखी एक हिशेब. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, पण देवनागरीचा ७० चिन्हांचा. त्यापुढे गेला की तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात, कारण जोडणीची माहितीही त्यातच जाते. काना-मात्रा वेगळे मोजले जातात हे चौथ्या पायरीत पाहिलंच. ‘पिंपळगाव बसवंत’ एवढं लिहिण्यातच चौदा चिन्हं खर्च होतात. पैसे तुकड्यामागे जातात, म्हणून चिन्हं मोजणारं फंक्शन या मॉड्यूलमध्ये हवंच.

७. सेटिंग, लॉग, थांबणं

थोडक्यात उरकतो. पासवर्ड, पत्ते, टाइमआउट हे कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचा. प्रत्येक विनंतीला एक ओळखक्रमांक द्या आणि तो सगळ्या मॉड्यूलांच्या लॉगमध्ये छापा, नाहीतर गडबड झाल्यावर कोणती ओळ कोणाची ते लागत नाही. शेतकऱ्यांचे फोन नंबर लॉगमध्ये पूर्ण छापू नका. लिनक्सवर १०२४ च्या खालचा पोर्ट उघडायला सहसा खास परवानगी लागते, तेवढ्यासाठी सगळी सेवा रूटने चालवू नका.

थांबण्याचा इशारा आला की नवीन काम घेणं बंद करा, हातातलं संपवा, मग बाहेर पडा. सर्व्हरवरच्या सेवा चालवणारं-थांबवणारं कुबरनेटीस अशा वेळी मूळ सेटिंगमध्ये तीस सेकंद देतं आणि मग प्रक्रिया मारून टाकतं. तुमच्या हातातल्या सगळ्यात लांब कामाला त्याहून जास्त वेळ लागत असेल तर ते काम लहान तुकड्यांत तोडा.

८. टेस्ट: खोट्या आणि खऱ्या मॉड्यूलला एकच परीक्षा

गाभ्याची टेस्ट खोटा स्रोत आणि खोटा संदेशवाहक देऊन होते, क्षणात होते, इंटरनेट लागत नाही. पण खोटा स्रोत खऱ्यासारखा वागतो कशावरून? म्हणून करारासाठी एक वेगळा टेस्टसंच लिहा आणि तोच खोट्यावरही चालवा, खऱ्यावरही. ‘न सापडणाऱ्या तारखेला ही चूक यावी’, ‘बंद लिलावाला ही स्थिती यावी’. खऱ्यावरचा रोज रात्री चालला तरी पुरे. स्रोताच्या पानाची मांडणी बदलली की सकाळी तुम्हाला आधी कळेल.

खरी आलेली काही पानं फाइल म्हणून रिपॉझिटरीत ठेवा. सणासुदीचा दिवस, अर्धवट भरलेला दिवस, दोन ओळी एकाच बाजाराच्या असलेला दिवस.

९. एक सेवा की पाच सेवा?

आता सगळे ज्याची वाट पाहत असतात तो प्रश्न: मायक्रोसर्व्हिस, म्हणजे प्रत्येक मॉड्यूलची नेटवर्कवर वेगळी चालणारी सेवा, करायच्या का? नवीन सेवेसाठी माझं उत्तर: नाही. एकच प्रक्रिया, आत पाच मॉड्यूल.

आतापर्यंत काढलेल्या सीमा फंक्शनच्या हाकेने ओलांडल्या जातात. तीच सीमा नेटवर्कवर नेलीत की पाचव्या पायरीतलं सगळं तिथे लागू होतं. पीटर डॉइच यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना नेटवर्कबद्दलच्या खोट्या समजुतींची यादी केली होती: नेटवर्क भरवशाचं असतं, विलंब शून्य असतो, बँडविड्थ अमर्याद असते, वगैरे. नाशिकमध्ये बसून, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर वापरणाऱ्याला त्यातला पहिला मुद्दा समजवावा लागत नाही. कुठे रस्ता खोदला जातो आणि ऑफिसची फायबर जाते.

हिशेबही करून बघा. एकामागून एक पाच सेवा, प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू, आणि विनंतीला पाचही लागतात. एकूण भरवसा येतो साधारण ९९.५ टक्के. तीस दिवसांच्या महिन्यात एक सेवा त्रेचाळीस मिनिटं बंद राहिली असती, आता साडेतीन तासांच्या वर.

तरी वेगळं करायची वेळ येते, आणि ती ओळखता येते. एका मॉड्यूलवरचा ताण बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा असेल: लिलाव सुरू झाले की ॲपच्या विनंत्या उसळतात, भाव गोळा करणारं मात्र संथच असतं. किंवा एक मॉड्यूल पडलं तरी दुसरं चालूच राहायला हवं. किंवा दोन वेगळ्या टीम आहेत आणि एकीला दुसरीच्या रिलीजसाठी थांबावं लागतं. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं की संस्था जशा बोलतात तशीच त्यांची सॉफ्टवेअर घडतात. तीन जणांच्या ऑफिसात सात सेवा असतील तर बोलणार कोण कोणाशी?

आपल्या उदाहरणात मी सगळ्यात आधी एसएमएसचं मॉड्यूल बाहेर काढेन. ते मधल्या रांगेवर चालतं, उशीर झाला तर चालतो, आणि किल्ली असल्यामुळे दुबार पाठवणीची भीती नाही. डेटाबेस आणि गाभा एकमेकांपासून तोडायला मात्र शेवटपर्यंत नकार देईन. सिंहस्थाच्या गर्दीसाठी सेवा करणाऱ्या मित्रांनाही मी हेच सांगतो: आधी एकाच प्रक्रियेच्या चार प्रती लोड बॅलन्सरमागे (विनंत्या प्रतींमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) उभ्या करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

१०. करार बदलताना

करार बदलणारच. रकाना वाढवणं सोपं, कारण जुने क्लायंट अनोळखी रकान्याकडे दुर्लक्ष करतात, अर्थात त्यांना तसं लिहिलं असेल तर. रकाना काढणं, त्याचा अर्थ बदलणं किंवा एकक बदलणं हे मोडणारे बदल. क्विंटलचा भाव त्याच नावाच्या रकान्यात गुपचूप किलोचा केलात तर एकही टेस्ट पडणार नाही आणि सगळे आकडे खोटे होतील. अशा वेळी नवीन नावाचा रकाना आणा, दोन्ही काही काळ चालवा. सेमॅंटिक व्हर्जनिंगचा साधा नियम पाळा: मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढतो, भर घातली तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा.

सापळा: करारात नसलेल्या गोष्टींवरही कोणीतरी विसंबून असतं. तुम्ही यादी नेहमी लासलगावपासून सुरू करत होतात, म्हणून ॲपने पहिली ओळ म्हणजे लासलगाव असं धरलेलं असतं. क्रम ठरलेला असेल तर करारात लिहा. ठरलेला नसेल तर टेस्टच्या सर्व्हरवर मुद्दाम उलटसुलट करून पाठवा, म्हणजे असा क्लायंट लवकर सापडेल.

जुनी आवृत्ती बंद करताना अंदाजावर जाऊ नका, लॉग बघा. शेतकऱ्यांच्या फोनमध्ये ॲपची वर्षभरापूर्वीची आवृत्ती सहज असते. फोन भरलेला असतो आणि अपडेट कोणी घेत नाही. कोणत्या आवृत्तीवरून रोज किती विनंत्या येतात ते मोजा, आकडा खाली येईपर्यंत जुना पत्ता चालू ठेवा, ॲपमध्ये अपडेटची सूचना दाखवा. शेवटी बंद कराल तेव्हा ४०४ (सापडलं नाही) ऐवजी ४१० (कायमचं काढलं) द्या, आणि ४१० आल्यावर काय दाखवायचं ते ॲपच्या पहिल्याच आवृत्तीत लिहून ठेवा. नंतर ते त्या फोनपर्यंत पोचवायला तुमच्याकडे दुसरी वाट उरत नाही.